माझ्या मापाचे नसतील

माझा नवरा लिनवूड गॅस्किन्स माणसाचं तोंड नंतर बघतो, पाय आधी. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी नवा पिवळा ड्रेस घातला होता, सकाळभर खपून केस बसवले होते, आणि हा गृहस्थ माझ्या सँडलकडे बघून म्हणाला, "तुझा डावा पाय अर्ध्या नंबरानं मोठा आहे." मी तिथल्या तिथे उठून जायला हवं होतं. गेले नाही, आता भोगते आहे.

बाल्टिमोरच्या पूर्वेला, मॉन्युमेंट स्ट्रीटवर, लिनवूडचं बुटांचं दुकान आहे. पाटी अजून 'सोबेल शूज' अशीच आहे. शाळेत असताना तो मिस्टर सोबेलकडे दुपारी झाडू मारायला आणि खोकी काढून द्यायला जायचा, शाळा संपल्यावरही तिथेच राहिला. पुढे म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे दाताचे डॉक्टर झाले, त्यांना लोकांच्या पायाशी बसायचं नव्हतं, म्हणून दुकान लिनवूडकडे आलं. गिऱ्हाईक आलं की हा गुडघ्यावर बसतो, अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून बघतो आणि म्हणतो, "चाल जरा." मग गिऱ्हाईक चालतं आणि हा तोंड वाकडं करून बघत राहतो. आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका बूट घ्यायचे नसले तरी त्याच्याकडे जातात, कारण त्यांच्या पायांची गाऱ्हाणी घरात दुसरं कुणी ऐकून घेत नाही.

या दुकानाची भाकरी एका बुटावर चालते. त्याचं नाव मेरिडियन. पांढरा, घोट्यापर्यंत उंच. घोट्याभोवती एक पट्टा आहे, तो आमच्याकडे कुणी कधी बांधला नाही, मागे लोंबकळत सोडायचा हीच रीत. पुढे बोटांवर बारीक भोकं, हवा जावी म्हणून. आणि खाली, चवड्याच्या बरोबर तळाशी, एकात एक गोल वर्तुळं. लिनवूडच्या मते सगळा जीव तिथे आहे. बास्केटबॉलमध्ये एक पाय रोवून त्याच्यावर गर्रकन फिरायचं असतं. साध्या बुटाचा तळ एक तर जमिनीला धरून बसतो, मग गुडघा पिळवटतो, नाही तर घसरतो. ही वर्तुळं फिरू देतात आणि सोडतही नाहीत. "ज्यानं हा काढला ना, तो आधी स्वतः कधीतरी पडला असणार," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मी हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

कंपनीनं हा बूट दोनेक वर्षं काढला आणि बंद केला. त्यांना दुसरा नवा विकायचा होता. आमच्या गावाला मात्र हाच हवा होता. लोक दुकानात येऊन भांडायचे. शेवटी मिस्टर सोबेल आणखी दोन दुकानदारांना गाडीत घालून कंपनीच्या दारात जाऊन बसले आणि नव्या नव्या रंगांत तो परत काढायला लावला. न्यूयॉर्कची पोरं आगगाडीनं आमच्याकडे यायची, ते रंग न्यायला. आज आमचा पाद्री मेरिडियन घालतो, माझी नात घालते, नवरदेव लग्नात घालतात. आणि कुणाचं तरुण पोर गेलं की आई दुकानात येते, पोराला शवपेटीत घालायला कोरा पांढरा जोड मागते, लिनवूड नाड्या स्वतः ओवून देतो. मैदानासाठी केलेला बूट मैदान सोडून सगळीकडे जाऊन पोचला.

आता त्याच्या भावाबद्दल.

रेनार्ड लिनवूडहून दोन वर्षांनी लहान. बंदराच्या गेटवर पहारेकरी म्हणून खुर्चीत बसून त्यानं जन्म काढला, कारण उजवा गुडघा कामातून गेलेला. भाऊ बुटांच्या दुकानाचा मालक, आणि रेनार्डच्या पायात मात्र सुपरमार्केटमधले काळे, जाडे, नर्सिंग होममध्ये घालतात तसले बूट. लिनवूड त्याला दर नाताळात म्हणायचा, "ये की दुकानात, हवा तो घे." त्यावर रेनार्डचं उत्तर ठरलेलं: "माझ्या मापाचे नसतील."

हा आमच्या घरातला जुना विनोद. दर रविवारी चर्च झाल्यावर रेनार्ड आमच्याकडे जेवतो, आणि मी चीज-मॅकरोनीचं भांडं पुढे केलं की म्हणतो, "नको वहिनी, माझ्या मापाचं नसेल." मग अर्धं भांडं ताटात ओढतो. छत्री द्या, टोपी द्या, केक द्या, हेच. पोरं लहानपणापासून त्याच्याबरोबर सुरात म्हणायची. सगळे हसायचे. लिनवूडही हसायचा, पण हसून झाल्यावर उठून उगाच पाणी प्यायला जायचा. मला वाटायचं, मिठामुळे तहान लागते. मीठ कमी करायला सांगितलं होतं डॉक्टरनी.

रेनार्डला एकदा दुकानात त्याच्या मापाचा जोड मिळाला नव्हता, तिथून तो विनोद आला हे मला ठाऊक होतं. खरं काय घडलं ते मात्र अगदी अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आमच्या कपाटावर एक खोकं होतं, सुतळीनं बांधलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून होतं. "त्याला हात लावू नकोस," असं त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि मला जे काही सांगायला नको होतं ते नेमकं सांगितलं. डेलोरिस नावाची त्याची एक जुनी मैत्रीण होती, तिची पत्रं असणार अशी माझी खात्री. एकदा तो दुकानात गेल्यावर सुतळी सोडली. वरचा कागद उचलला तर खाली पांढरे मेरिडियन. पुरुषाचे. नंबर अकरा. कागद जसाच्या तसा ठेवला. खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली.

गेल्या जूनमध्ये रेनार्डच्या शाळेच्या जुन्या बास्केटबॉल टीमनं मेळावा ठरवला. मी स्वयंपाकघरात कोलार्डची पालेभाजी निवडत होते. लिनवूड ते खोकं घेऊन आला, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "रोझ, हे बूट रेनार्डचे आहेत."

"मग त्याला दे की. माझ्या कपाटावर काय करतायत?"

"तसं नाही," म्हणाला आणि बसला. मग सगळं बाहेर आलं.

कंपनीनं मेरिडियन बंद केला होता आणि अजून परत काढला नव्हता, त्या मधल्या दिवसांतली गोष्ट. दुकानात थोडे जोड उरले होते. रेनार्डची टीम शहराच्या फायनलला पोचली होती. तो पोरगा खेळायचा तेव्हा बायका हातातलं काम टाकून बघायला जायच्या असं माझी सासू, मिस अल्बर्टा, सांगायची. शिष्यवृत्ती देऊन खेळाडू नेणारी दोन कॉलेजांची माणसं त्याला बघायला येणार होती. त्याचे जुने मेरिडियन तळाला झिजून गुळगुळीत झाले होते, वर्तुळं पार पुसली गेली होती. सामन्याच्या आदल्या शुक्रवारी तो धावत दुकानात आला, भावाकडे. "अकरा आहे का रे? एकच दे."

मागच्या फळीवर, झाडूच्या आड, अकरा नंबरचा शेवटचा जोड होता. लिनवूडनं तो स्वतःसाठी दडवून ठेवला होता, ईस्टरला घालायला.

तो मागे गेला, फळीसमोर उभा राहिला, आणि पुढे येऊन म्हणाला, "नाही. तुझ्या मापाचे नाहीत."

"तुला म्हणून सांगतो रोझ," लिनवूड भाजीच्या देठांशी चाळा करत म्हणाला, "जगात धाकटा भाऊ थोरल्याचे उतरलेले बूट घालतो. आमच्याकडे उलटं. आमचे पाय एका मापाचे झाले तेव्हापासून आई नवा जोड त्याला घ्यायची, तो खेळतो म्हणून. खेळून जुना झाला की मला. मी थोरला. मला लोक विचारायचे, रेनार्डचे बूट घातलेस का रे? ईस्टरला अख्खं गाव नवं लेवून चर्चला येतं. मला एकदाच, फक्त एकदा, पहिल्यांदा घातलेला बूट हवा होता."

एकोणीस वर्षांच्या पोराला एवढं वाटू नये असं मला तरी म्हणता येत नाही.

फायनलच्या दुसऱ्या हाफमध्ये रेनार्डनं उजवा पाय रोवला, गिरकी घेतली, आणि पाय खालून निसटला. गुडघा गेला. कॉलेजची माणसं कोट घालून निघून गेली. डॉक्टर म्हणाले, कुठल्याही बुटात हे होऊ शकलं असतं. ते खरंही असेल. गुडघा बुटानं गेला की नशिबानं, हे आता देवच जाणे. पण लिनवूडला ते 'असेल' कधी पुरलं नाही. त्या ईस्टरला तो जुन्याच बुटांत चर्चला गेला. कोरा जोड घालवेना, भावाला देववेना, टाकवेना.

"सांगणार आहेस त्याला?" मी विचारलं.

"मेळाव्याला देईन आणि तिथेच सांगेन."

"आधी सांग, मग दे."

"का?"

"कारण आधी दिलेस तर सांगणार नाहीस. मी काय आज ओळखते तुला?"

त्यानं खोक्यावर हात फिरवला, पण उघडलं नाही. दुकानात जी पोरं बूट जपून ठेवायला नेतात, त्यांच्यावर हाच माणूस खेकसतो. "घाल रे तो! ठेवलेला बूट आतून मरतो. तळातला फोम पायाच्या वजनानं टिकतो, बसून राहिला की भुगा होतो." हे त्याला पाठ आहे. तरी ते खोकं त्याच्या डोक्यात बुटाचं खोकं नव्हतंच. त्यात काय आहे हे तो बघतच नव्हता, मग त्याचं काय झालंय हे कसं बघणार? दुसऱ्याच्या पायातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या पायातलं मुसळ दिसत नाही म्हणतात, ते माझ्याच घरात.

मेळावा वस्तीतल्या मैदानावर होता. टेबलांवर वर्तमानपत्रं अंथरून खेकडे ओतले होते, मसाल्यानं सगळ्यांची बोटं लाल झाली होती. एकेकाळचे उडते घोडे आता पोटं सांभाळत घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. लिनवूडनं खोकं रेनार्डच्या मांडीवर ठेवलं. मी नवऱ्याकडे बघत होते. बोल, मनात म्हणत होते, आता बोल.

रेनार्डनं कागद बाजूला केला आणि तळाच्या वर्तुळांवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून म्हणाला, "अरे, हे त्या वेळचे आहेत. परत काढलेले नव्हेत. तेव्हाचे. कुठून मिळवलेस?"

लिनवूडचं तोंड उघडलं. "मिळाले," तो म्हणाला.

मला त्याच्या पाठीत खेकडे फोडायची हातोडी घालावीशी वाटली.

"ऐकलंत का रे?" रेनार्ड सगळ्यांना ओरडून सांगायला लागला. "माझा भाऊ इतकी वर्षं हे शोधत होता! मी त्याला जन्मभर टोमणे मारले आणि हा मुकाट्यानं शोधत होता!" त्याचे डोळे भरले होते. टीममध्ये सेंटरच्या जागी खेळणारा क्लिओफस टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच. लिनवूड मान खाली घालून उभा. लोकांना वाटलं, संकोचला. त्या क्षणी मला त्याची कीवही आली आणि संतापही आला, कुठलं जास्त ते सांगता येणार नाही.

रेनार्डनं टाचेनं टाच दाबून काळे बूट काढले, नाड्या न बांधताच पांढऱ्यांत पाय सारले. खोक्यावरचा नंबर वाचला आणि खदखदून हसला. "अकरा! वहिनी, बघा, शेवटी माझ्या मापाचे निघाले!"

त्यानं बॉल मागून घेतला. चांगला पाय, डावा, रोवला, दुखरा उचलला आणि हळूहळू, अगदी म्हाताऱ्यासारखी, गिरकी घेतली. अर्धी झाली असेल. डावा तळ जमिनीवर राहिला आणि पाय वर आला. मधून पिवळट भुगा सांडला, शिळा मक्याचा ब्रेड कुस्करल्यासारखा.

दोघे-तिघे हसले. क्लिओफस म्हणाला, "रेनार्ड, तुझं वजन रे, बुटाचं काय चुकलं?"

रेनार्ड हसला नाही. त्यानं भावाचा चेहरा बघितला होता. लंगडत त्याच्यापाशी गेला आणि खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू मनापासून आणलास ना, झालं तर. ज्यानं तुला हे विकले त्यानं गंडवलं तुला. नाव सांग मला त्याचं, मी बघतो त्याच्याकडे."

"राहू दे," लिनवूड म्हणाला.

"राहू दे काय? माझ्या भावाला फसवतो म्हणजे काय? नाव सांग."

"लिनवूड गॅस्किन्स," माझा नवरा म्हणाला.

रेनार्डला आधी थट्टाच वाटली. मग वाटेनाशी झाली. त्यानं खांद्यावरचा हात काढला आणि खुर्चीवर बसला. "कुठे होते?"

"मागच्या फळीवर. झाडूच्या आड."

"त्या शुक्रवारी?"

"हो."

"तुझ्यासाठी ठेवले होतेस."

"ईस्टरला घालायला."

रेनार्डनं पायाखालचा भुगा टाचेनं बाजूला सारला. त्यानं गुडघ्याचं नाव काढलं नाही, कॉलेजचं काढलं नाही. मग विचारलं, "घातलेस का नाहीस मग?"

लिनवूडनं वाकून निखळलेला तळ उचलला.

"दोघांपैकी एकाच्या तरी पायात जायचे होते रे," रेनार्ड म्हणाला.

तो आपले काळे बूट घालायला लागला. गुडघ्यामुळे त्याला वाकता येत नाही, नाडीपर्यंत हात पोचत नाही. लिनवूड सवयीनं त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला, कुणाच्याही पुढे बसतो तसा, आणि नाडीला हात घातला. रेनार्डनं पाय मागे ओढला. मग क्लिओफसनं येऊन नाडी बांधली.

घरी आल्यावर लिनवूडनं खोक्यातून दुसरा, उजवा बूट काढला. तो अजून धड दिसत होता. त्यानं तो पायात घातला, दुसरा पाय तसाच मोज्यात, आणि स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत चालत गेला. दाराशी पोचेपर्यंत त्याचाही भुगा झाला होता. माझ्या गालिच्यावर सगळीकडे पिवळी माती. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी धूळ ओढायचं मशीन आणून मुकाट्यानं साफ केलं. तो दाराशी उभा राहून बघत होता.

पुढचे काही रविवार रेनार्ड आला नाही. लिनवूड त्याची खुर्ची तशीच मांडायचा, जेवण झाल्यावर सरकवून ठेवायचा. मी फोन केला की रेनार्ड नीट बोलायचा, माझी चौकशी करायचा, नातीची करायचा. दुकानात लिनवूड गिऱ्हाइकांना आता वर्तुळांचं प्रवचन देत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, चांगला बूट आहे, घाला.

मग ऑगस्टमध्ये एका रविवारी रेनार्ड आला. टोपी खुंटीला लावली, आपल्या खुर्चीत बसला, प्रार्थनेला मान खाली घातली. काही झालंच नव्हतं असं सगळं. चिकन झालं, भाजी झाली. मी चीज-मॅकरोनीचं भांडं आणलं आणि लिनवूडनं ते माझ्या हातून घेतलं. भांडं काठोकाठ भरलेलं होतं. ते भावापुढे धरून तो म्हणाला, "थोडंच आहे बरं का आज. तुला होतंय की नाही कुणास ठाऊक."

टेबलावर सगळे थांबले. लिनवूडनं स्वतःहून त्या जुन्या विनोदाला वाट करून दिली होती, हे आमच्या नातीलाही कळलं. ती तर तोंड उघडून तयार बसली होती, काकाआजोबाबरोबर सुरात म्हणायला.

रेनार्डनं भांड्यात बघितलं. एक चमचा वाढून घेतला.

"पुरेल," तो म्हणाला, आणि भांडं पुढे दिलं.

लिनवूड पाणी प्यायला उठला. मी त्याच्या मागे गेले नाही.